सतरा एकांचा भाजक

माझे वडील दत्तोजीराव म्हैसूरच्या एका छापखान्यात प्रूफं तपासत. आमचे पूर्वज महाराजांच्या फौजेत घोड्यावर बसत, अप्पा खुर्चीवर. पण ऐट तीच. छापील चूक दिसली की जेवताना दाताखाली खडा आल्यासारखा चेहरा करत.

१९६१ साली प्राध्यापक पद्मनाभांचं गणिताचं पुस्तक छापायला आलं. त्यात लिहिलं होतं: एकापुढे एक असे सतरा एक मांडून होणारी संख्या मूळ नाही, संयुक्त आहे, तिचा लहान भाजक एकवीस लाखांच्या आत आहे. तो शोधायचं काम वाचकावर सोडलं होतं. अप्पांनी पानावर सही केली आणि घरी येऊन अस्वस्थ झाले. आपण न तपासता सही केली!

त्याच पुस्तकातून ते शिकले की या संख्येला ज्या मूळ संख्येने भाग जाईल तिला चौतिसाने भागलं तर बाकी एकच उरते. तेवढ्याच तपासायच्या म्हटलं तरी एकवीस लाखांच्या आत साडेनऊ हजारांच्या वर भरल्या. कॉलेजच्या लायब्ररीतून त्यांनी यादी उतरवून आणली. मग रोज सकाळी कॉफीनंतर तीन भागाकार, जवळजवळ नऊ वर्षं. आई म्हणायची, "एवढ्यात माझ्या भावाचं दुसरं लग्न लागलं असतं!"

यादीतून वहीत आकडा उतरवला की अप्पा नवाचा ताळा घेत: दोन्हीकडच्या अंकांची बेरीज जुळली की पुढे.

१९७० मध्ये यादी संपली. एकदाही बाकी शून्य आली नाही.

अप्पांनी प्राध्यापकांना पत्र लिहिलं: आपलं विधान चूक आहे. पाकिटाला तिकीट लावलं. मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. प्राध्यापकांचं विधान खरं निघालं तर माझ्या बापाचं सगळ्या म्हैसुरात हसं होणार होतं.

"अप्पा, ओंदु सल, एकदाच, दोघं मिळून वाचूया की. छापखान्यात एक मोठ्याने वाचतो, दुसरा तपासतो, तसं."

"माझ्या वहीला वाचणारी कशाला? ताळा घेतलाय मी!"

"दुसऱ्याच्या पुस्तकाला लागते, तुमच्या वहीला नको होय?"

ते रागावले, पण बसले. मी यादी वाचायची, त्यांनी वहीवर बोट ठेवायचं; तेही शेवटाकडून उलट, म्हणजे डोळा सवयीने पुढे पळत नाही. शंभराच्या वर आकडे झाले असतील.

"वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस."

"निल्लु, निल्लु! परत सांग."

मी परत सांगितलं. वहीत २०७१२७३ होतं, यादीत २०७१७२३. सात आणि दोन जागा बदलून बसले होते. बेरीज दोन्हीकडे बावीसच, त्यामुळे ताळा गप्प राहिला.

अप्पांनी नवं पान घेतलं. त्यावर भागाकार मांडला. शेवटी शून्य! दुसरा भाजक आला ५३६३२२२३५७. मी इतक्या मोठ्याने ओरडले की आई पोळपाट सोडून धावत आली.

अप्पांनी जुनं पत्र फाडलं आणि नवं लिहिलं: आपलं विधान खरं आहे, भाजक हे आहेत, चूक माझ्या वहीत होती.

मी म्हटलं, "चूक कशाला कळवता? उत्तर पुरे की."

"आयुष्यभर लोकांच्या चुकांवर लाल पेन्सिल मारली, तुंगा. माझी लपवू?"

त्यांनी वहीतल्या त्या आकड्याला ठळक लाल गोल केला, समासात स्वतःची सही केली आणि खाली माझ्याकडून करून घेतली.

अप्पांना जाऊन वीस वर्षं झाली. कुवेंपुनगरच्या घरी कोणी त्यांच्याबद्दल विचारलं की मी वही काढते. उत्तराचं पान नंतर. आधी तो लाल गोल दाखवते.