हौशी म्हैस आणि तीन लॉ कॉलेजं

“घ्या वकीलसाहेब,” फौजदार म्हणाले. “तुमच्याच म्हशीच्या दुधाचा चहा आहे.”

म्हैस माझी नव्हती, माझ्या अशिलाची होती. अशील म्हणजे नेमगोंडा अण्णा, हळद आणि ऊस करणारे जैन शेतकरी. ते माझ्या शेजारीच बसले होते. स्वतःच्या म्हशीच्या दुधाचा चहा परक्याच्या कपातून पिताना त्यांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं होतं. पलीकडं त्यांची मुलगी सुमती. नुकतीच बी.ए. झालेली. तिनं कपाला हात लावला नाही.

१९४७चा उन्हाळा होता. आज सांगून कुणाला पटत नाही, पण तेव्हा आमच्या भागात दोन रानं ओलांडली की राज्य बदलायचं. सातारा जिल्हा इंग्रजांचा, आणि त्यात मधेमधे संस्थानं, म्हणजे राजेलोकांचे लहानलहान मुलूख. प्रत्येकाचं कोर्ट वेगळं, फौजदार वेगळा, हुकूम वेगळे. अण्णांचं रान इंग्रजी हद्दीत. ओढ्यापलीकडं संस्थान. त्यांची म्हैस हौशी ओढ्यात डुंबायला उतरली आणि पलीकडच्या काठानं वर गेली. तिला वळवायला गडी गेला, धोंडी. तिथंच दोघांना धरलं. टंचाईमुळं संस्थानात हुकूम निघाला होता: दुभतं जनावर हद्दीबाहेर न्यायचं नाही. आत यायला मात्र बंदी नव्हती. त्यामुळं हौशी आत गेली ती गेलीच.

“आणि धोंडीमामा?” सुमतीनं विचारलं.

“त्याला कुठं अडवलंय? म्हैस दुसऱ्या कुणाला आचळाला हात लावू देत नाही. आमचे दोन शिपाई लाथा खाऊन घरी पडलेत. सरकारी ताब्यातलं जनावर, आटलं तर उद्या मलाच विचारतील. म्हणून ठेवलाय.”

धोंडी दारातच उभा होता. “आवं वकीलसाहेब, मला कवा सोडत्यात?”

“थांब रं, आधी म्हशीचं बघू दे,” मी म्हणालो.

म्हशीचं मी बघतच होतो. साताऱ्याच्या कोर्टानं सांगितलं, म्हैस आमच्या हद्दीत नाही, अर्ज चालणार नाही. संस्थानच्या कोर्टानं सांगितलं, मालक आमच्या हद्दीत नाही, अर्ज चालणार नाही. दोघांचंही कायद्यानं बरोबर होतं. वकिलीत याच्याइतकं वाईट काही नसतं.

परत येताना बैलगाडीत सुमतीनं स्वतःचा विषय काढला. महायुद्धानंतर जगातल्या देशांनी मिळून एक संघ काढला होता. त्याच्या सनदेत मानवी हक्कांबद्दल लिहिलंय असं तिनं वर्तमानपत्रात वाचलं होतं. तिला तेच काम करायचं होतं. त्यासाठी आधी लॉ कॉलेज. कुठलं ते मी सांगायचं. अण्णांनी मात्र इचलकरंजीचं स्थळ बघून ठेवलं होतं.

“वकीलसाहेब,” अण्णा म्हणाले, “ही म्हंती सगळ्या जगाचा कायदा शिकती. बरं. मग वड्यापल्याडची म्हस म्हंजी परमुलखाचंच काम झालं की! जे कालेज माजी म्हस आणंल, त्या कालेजात पोरगी घालतो. न्हाईतर दिवाळी झाली की लगीन.”

“अण्णा, कॉलेजं म्हशी आणत नाहीत.”

“मग काय शिकवत्यात?”

मी तोंड उघडायच्या आत सुमती म्हणाली, “मला कबूल आहे.” आणि आम्ही तिघं म्हशीसाठी लॉ कॉलेज बघायला निघालो. इतक्या वर्षांच्या वकिलीत असा दौरा दुसरा झाला नाही. कॉलेजांची नावं सांगत नाही, माणसं चांगली होती.

मुंबईचे प्रिन्सिपॉल टाय लावून बसले होते. त्यांनी अण्णांची सगळी कहाणी शांतपणे ऐकली. मग म्हणाले, “हे ॲक्ट ऑफ स्टेट आहे. परक्या राज्यानं राज्य म्हणून केलेल्या गोष्टीला आपलं कोर्ट हात लावत नाही.”

“म्हंजी?”

“म्हणजे म्हैस गेली.”

“सर, आणि गडी?” सुमतीनं विचारलं.

“गडी म्हशीबरोबरच आहे ना? मग प्रश्न एकच.”

पुण्याचे प्रोफेसर तर खूशच झाले. “वा! काय सुंदर प्रश्न आहे!” त्यांनी फळ्यावर ओढा काढला. हद्द ओढ्याच्या मधोमध, की काठावर? धरली तेव्हा म्हशीचे पुढचे पाय कुठं होते, मागचे कुठं? शेपूट कुणाच्या हद्दीत? शेजारच्या खोलीतून आणखी दोन प्रोफेसर आले. एकजण पुढच्या पायांच्या बाजूचा, दुसरा मागच्या. खडू पार झिजला.

अण्णा माझ्या कानाशी लागले. “चला हितनं. आमी जैन माणसं. हे तर म्हशीचं दोन तुकडं कराय लागल्यात.”

“आणि गडी, सर?” सुमतीनं इथंही विचारलं.

“तो उपप्रश्न आहे. वेळ उरला तर घेऊ,” प्रोफेसर म्हणाले आणि शेपटाकडं वळले.

परतीच्या रेल्वेत अण्णांनी इचलकरंजीचा विषय काढला. माझा जीव सुमतीसाठी तुटत होता, पण करणार काय? आता एकच जागा उरली होती. कोल्हापूरच्या कॉलेजातले एक प्रोफेसर सुट्टीला सांगलीत घरी आले होते, कृष्णेच्या घाटाजवळ. आम्ही गेलो तेव्हा ते बनियनवर ओट्यावर बसून भडंग खात होते. त्यांनी ताट आमच्यापुढं सरकवलं. आतून पाण्याचे तांबे आले. अण्णांनी कहाणी सुरू केली, आता ती त्यांना पाठच झाली होती.

“किती दिवस झाले म्हणालात?”

“म्हैना व्हईल.”

“आणि म्हैस अजून दूध देते?”

“लय! चरवी भरून!”

“मग धार कोण काढतं?”

सुमतीनं हातातला तांब्या खाली ठेवला.

“आमचा धोंडी,” अण्णा छाती फुगवून म्हणाले. “दुसऱ्याचं ते कामच न्हवं.”

“म्हणजे तोही महिनाभर तिथंच? कुठल्या कलमाखाली?”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी भडंगाकडं बघितलं.

“घरी कोण असतं त्याच्या?”

“बायको आहे,” सुमती म्हणाली. “रोज ओढ्याच्या अलीकडं भाकरी घेऊन उभी राहते. शिपायाला वाटलं तर नेऊन देतो, नाहीतर ती तशीच परत जाते.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या बाईला मी दोनदा ओढ्यावर बघितलं होतं.

प्रोफेसरांनी आतून कागद मागवला. “हे बघ मुली, मानवी हक्क वगैरे आमच्याकडं काही नाही. इंटरनॅशनल लॉचा एक पेपर आहे, तोही जुनापुराणा. पण अर्ज लिहायला शिकवीन. लिही. अर्जदार कोण?”

“नेमगोंडा...” अण्णा सांगू लागले.

“अर्जदार धोंडी,” सुमती म्हणाली.

“बस. जूनमध्ये ये.”

पानभर अर्ज झाला. मी अण्णांना वाचून दाखवला. ते म्हणाले, “ह्यात म्हशीचं नाव कुठं हाय?”

“नाही.”

“एकदा तरी घाला की वो!”

घातलं नाही. मी तो अर्ज थेट संस्थानच्या दिवाणांपुढं ठेवला. इंग्रज निघाले होते, संस्थानांचं पुढं काय होणार या काळजीत ते आधीच होते. त्यांनी फौजदारांना बोलावलं.

“या माणसाला का ठेवलंय?”

“धार काढायला, साहेब.”

दिवाणांनी कपाळावर हात मारला. “अहो, सोडा त्याला!”

धोंडी त्याच संध्याकाळी ओढा ओलांडून घरी आला. हौशीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. अण्णा माझ्याशी बोलेनात.

पण दुसऱ्या सकाळी हौशीनं चरवी उडवली. मग जमादाराला उडवलं. फौजदारांनी एका शिपायाला धोंडीसारखा पटका बांधून पाठवला, तो शेणात जाऊन बसला. आठवडाभरात हौशी थेंब देईना. आणि एक दिवस फौजदार स्वतः दावं धरून ओढ्यावर हजर!

“ही भाकड झाली,” ते म्हणाले. “बंदी दुभत्या जनावराला आहे, भाकडाला नाही. न्या बाबांनो लवकर.”

हौशी ओढ्यातून अलीकडं आली. धोंडी काठावरच चरवी घेऊन बसला, आणि फौजदारांच्या डोळ्यांदेखत तिनं चरवी भरली. फौजदारांनी पाठ फिरवली. “मी काही बघितलं नाही,” म्हणाले आणि चालू लागले.

कॉलेजनं म्हैस आणली, असं अण्णा पुढं गावभर सांगत सुटले. शब्दाला जागले. इचलकरंजीला नकार गेला, सुमती कोल्हापूरला गेली. पुढं परदेशात निर्वासितांसाठी काम करू लागली. त्या उन्हाळ्यानंतर वर्षाच्या आत संस्थानही विलीन झालं. त्या ओढ्यातून आता कुणाचीही म्हैस कुठंही जाते.

मी मात्र निवृत्त होईपर्यंत, अशील आला की त्याचं सगळं ऐकून घ्यायचो आणि शेवटी विचारायचो, “ते ठीक आहे, पण धार कोण काढतंय?” साताऱ्याच्या कोर्टातल्या सगळ्या वकिलांचा समज होता की म्हाताऱ्याला दुधाचं वेड आहे.