तिच्या नंबरची प्रॉक्सी

बारावी सायन्सला सिल्वासात आम्ही मोजकीच मुलं होतो. केमिस्ट्रीचे सर कोकणातले. प्रॅक्टिकलच्या आधी ते प्रत्येकाच्या जागेवर ओळखायचा क्षार परीक्षानळीत घालून ठेवत. ज्याला जेवढं झेपेल, तेवढाच अवघड. कच्च्या मुलांना कॉलेज सुटल्यावर थांबवून शिकवत, अडलं की गुजरातीत सांगत. नरोलीहून येणारी माझ्या शेजारची मुलगी त्यांच्याच जिवावर पास होत होती. दिवाळीच्या सुट्टीत ती काविळीने वारली.

सुट्टीनंतरही सर तिच्या जागेवर नळी ठेवत राहिले. हजेरीत तिचा नंबर पुकारत आणि पेन उचलून वाट बघत. फक्त बर्नरचा आवाज यायचा. मी पहिल्यापासून तापट. एके दिवशी मला ते असह्य झालं आणि मैत्रिणींसाठी नेहमी द्यायचे तशी मी तिची प्रॉक्सी दिली, "येस सर!"

सरांनी मान वर केली नाही. "आलीस? बरं झालं. सोपाच ठेवलाय," एवढंच म्हणाले.

मग माझा नंबर पुकारला. मी "येस सर" म्हणाले. त्यांनी पेन उचलून वाट बघितली. मी चिडून, ओरडून पुन्हा "येस सर" म्हणाले. त्यांनी माझी गैरहजेरी मांडली आणि ते पुढच्या नंबरावर गेले.

पुढच्या प्रॅक्टिकलला माझ्या जागेवर नळी नव्हती. तिच्या जागेवर होती. मी तिथे जाऊन उभी राहिले.

क्षार खरंच सोपा होता.