उशीतला खळगा

मनोविश्लेषक व्हायचं तर आधी स्वतःच दिवाणावर आडवं होऊन वर्षानुवर्षं बोलावं लागतं. त्यासाठी मी माझ्या विश्लेषक बाईंकडे जाते. त्या माझ्या डोक्यामागच्या खुर्चीत, मला दिसणार नाहीत अशा बसतात. मी आत शिरते तेव्हा त्या दिवाणावरच्या उशीवर धुतलेला नॅपकिन पसरत असतात. मला वाटायचं, कुणाच्या तेलकट केसांचा डाग नको म्हणून.

आज माझ्याकडे पहिली पेशंट आली. जेमतेम चार वाक्यं बोलली आणि "येते हं," म्हणून गेली. मी तिच्या उशीवरचा नॅपकिन उचलला. खाली उशीत खळगा पडला होता. बोलली फारसं नव्हती, पण डोकं मात्र पुरतं टेकवून गेली होती. उशी थोपटायला पुढे केलेला हात तसाच राहिला. खळगा सावकाश वर येत गेला, मी बघत राहिले.

संध्याकाळी बाईंकडे माझा तास होता. वेळ संपल्यावर "या आता," त्या म्हणाल्या. एरवी मी चपला घालते आणि सरळ निघते. आज दारातून मागे वळून पाहिलं. हातात धुतलेला नॅपकिन घेऊन बाई माझ्या उशीकडे बघत उभ्या होत्या. थोपटत नव्हत्या.