कुंडलच्या हौसाक्कांचा मला हेवा वाटतो

मित्रहो, आज मी मत्सरानं जळतोय आणि ते लपवणार नाही.

चार महिन्यांपूर्वी पडलो आणि माझं खुब्याचं हाड मोडलं. त्याच आठवड्यात कुंडलच्या हौसाक्कांचंही मोडलं. सांगलीच्या दवाखान्यात ऑपरेशननंतर आमच्या खाटा शेजारी होत्या; भेटायला येणाऱ्यांना मी स्वावलंबनावर जे ऐकवायचो, ते त्यांच्याही कानावर पडायचं. आज दोघांची तपासणी होती. मला मुलानं गाडीतून आणलं, सून वॉकर घेऊन सोबत. हौसाक्का एसटीनं एकट्या आल्या, हातात फक्त काठी!

डॉक्टरांनी त्यांना शाबासकी दिली. मला व्यायामाचं विचारलं, तेव्हा मी छताकडे पाहिलं.

"एवढ्या लवकर कशा हो चालायला लागलात?" मी कुजकटपणेच विचारलं.

"आवं सर, पोरगं पलटणीत, घरात दुसरं कोन न्हाई. म्हशीला पाणी कोन दावनार? आदी दारापातूर गेले, मग गोठ्यापातूर. लय रडले. तुमी काय करता दिसभर?"

"लोक भेटायला येतात. बोलत बसतो."

"व्हय, स्वावलंबनावर! आन् पाण्याचा तांब्या कोन देतं?"

"मी देते," सून पटकन म्हणाली. हौसाक्का खो खो हसल्या.

घरी आल्यावर सून सवयीनं तांब्या घेऊन धावली. चाळीस वर्षं स्वावलंबनावर भाषणं ठोकणारा मी आज पहिल्यांदा म्हणालो, "माठावरच ठेव." वॉकर धरून बारा पावलं चाललो. घामाघूम झालो, पण पाणी माझ्या हातानं प्यायलो.

मत्सर अजून गेलेला नाही. जाऊही नये, उद्या फाटकापर्यंत जायचंय.

तुमच्या घरी मायेपोटी कुणाला खाटेवर बसवून ठेवलंय का?