ओट्टोमार लिंडेकची सही

ओट्टोमार लिंडेकच्या आयुष्याचं सार एका शब्दात सांगायचं, तर दुय्यम. गावच्या बँडवाल्याचा हा पोरगा. जर्मनीत थुरिंगियातल्या ड्यूकच्या दरबारी नाट्यगृहात व्हायोलिन घासत घासत वाद्यवृंदाचा दुय्यम संचालक झाला आणि बावीस वर्षं तिथेच अडकला. दुसऱ्यांच्या रचना वाजवून घ्यायच्या आणि स्वतःच्या मात्र कपाटात कोंबायच्या! मुख्य संचालक वारला, तेव्हा कुठे ड्यूकने फर्मावलं : तुझी सिम्फनी वाजव. आवडली तर जागा तुझी, नाहीतर मे महिन्यात सामान बांध.

पहिला व्हायोलिनवादक वेंडेलिन तालमीत डिवचायचा, "काय हो लिंडेक, माझी बोटं मोडायचीच ठरवलीत वाटतं?" पण रोज तासभर आधी येऊन अवघड जागा बाकीच्यांकडून तोच घोटून घ्यायचा.

कार्यक्रमाच्या दिवशी शेवटचा स्वर विरला. ओट्टोमार वळला. सभागृहात कुणी हूं की चूं केलं नाही. दरबारचा नियमच तो : ड्यूकच्या आधी टाळी वाजवायची नाही. आणि ड्यूक? सज्जात मान छातीवर टाकून म्हातारा खुशाल झोपला होता! उठवायचं कुणी? पहिल्या रांगेत ओट्टोमारची बायको हेडविग हातमोजे पिळत बसली होती. ओट्टोमारची बावीस वर्षं पाण्यात चालली होती.

"खड्ड्यात गेला तो नियम," मागून वेंडेलिन पुटपुटला आणि त्याने व्हायोलिनचा गज समोरच्या स्वरलिपीच्या स्टँडवर खाडखाड आपटला. वादकांची शाबासकी अशीच असते. मागोमाग सगळ्यांचे गज वाजू लागले. ड्यूक दचकून जागा झाला, आणि इकडेतिकडे बघत सगळं ऐकल्याच्या थाटात टाळ्या पिटू लागला. मग काय, सभागृह दणाणलं.

सोमवारी नेमणुकीचं पत्र आलं. सोबत दुसरा कागद होता : दरबारी शिस्त मोडल्याबद्दल वेंडेलिन बडतर्फ. त्याखाली नव्या मुख्य संचालकाची सही हवी होती.

"नको करूस," हेडविग म्हणाली. "चार लेकरं आहेत त्याला."

"नाही केली तर तो आणि मी, दोघंही रस्त्यावर येऊ."

"मग या दोघंही!"

कागद दुपारपर्यंत टेबलावर पडून होता. शेवटी ओट्टोमारने सही केली.

लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पुढे अकरा वर्षं तो मुख्य संचालक होता. दर हिवाळ्यात सिम्फनी वाजायची आणि टाळ्या पडायच्या. हेडविग मात्र पुन्हा कधी नाट्यगृहात आली नाही.