दोन तास पंचेचाळीस मिनिटं

"तुम्ही उठा. यांना बसू द्या."

नारायण पेठेतलं एका स्त्रीरोगतज्ज्ञांचं क्लिनिक. पहिला मजला. बाहेरच्या खोलीत पाच खुर्च्या आणि पाचही खुर्च्यांवर गरोदर बायका. उठवलं मला एकटीला. मला सव्विसावा आठवडा होता. जिच्यासाठी उठवलं, तिलाही साधारण तेवढाच.

त्याआधी काउंटरवरच्या काकूंनी माझं आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. त्यांचं पेन थांबलं.

"पुन्हा सांगा."

पुन्हा सांगितलं.

"हो का. बरं. राहायला?"

"हडपसर. माहेर लोणी काळभोर."

"तरीच."

कशावरून तरीच, ते त्या बोलल्या नाहीत. पुण्यात तेवढा एक शब्द पुरतो.

कुठे बसू, असं विचारल्यावर म्हणाल्या, "जिन्यात वारा छान येतो."

खुर्च्यांवरचं कुणीतरी हसलं. मी जिन्यात जाऊन बसले.

साखरेची तपासणी होती. गरोदरपणात होणारा मधुमेह पकडायला ती करतात. उपाशीपोटी रक्त घेतात, मग ग्लुकोजचं पाणी पाजतात आणि बरोबर दोन तासांनी पुन्हा रक्त घेतात. मधल्या वेळात खायचं नाही, चालायचं नाही. उशीर झाला तर साखर उतरत जाते आणि आकडा फसवतो. हे सगळं क्लिनिकनेच दिलेल्या सूचनांच्या कागदावर छापलेलं होतं.

बाकीच्या बायकांना ग्लुकोज स्टीलच्या पेल्यातून दिलं होतं. मला सिस्टरने विचारलं, "तुमची बाटली असेलच ना?" होती. तिच्यात ओतलं. पाणी संपलं तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. मी वेळ कागदाच्या कोपऱ्यात लिहिली.

ती कामाची सवय. हडपसरला तेव्हा काचेच्या इमारती उठत होत्या. त्यातल्या एकीच्या सहाव्या मजल्यावर बसून आम्ही परदेशी वृत्तसंस्थेसाठी बातम्या लिहायचो. अमेरिकेतल्या एखाद्या कंपनीचा तिमाही निकाल आला की दोन मिनिटांत बातमी गेली पाहिजे. तिसऱ्या मिनिटाला वर उत्तर द्यावं लागे. हे क्लिनिक त्याच ऑफिसच्या विम्याच्या यादीत होतं.

जिन्यात मळमळत होतं. उलटी झाली तर सगळं पहिल्यापासून. मी तोंड मिटून बसले. साडेनऊला काकू दारात आल्या.

"विम्याच्या कार्डाची झेरॉक्स आणता का खालून? बसूनच आहात."

"चालायचं नाही, असं कागदावर लिहिलंय."

"अहो, चार पायऱ्या. तुम्हाला काय, सवय असेल."

पायऱ्या बावीस होत्या. दोनदा उतरले, दोनदा चढले. पहिल्या वेळी कार्डाच्या मागच्या बाजूची झेरॉक्स राहिली होती.

दहा वीसला मी आत गेले. "दोन तास झाले."

"बोलावू. दारात उभ्या राहू नका."

दहा पस्तीसला पुन्हा गेले. पुन्हा तेच. दहा पन्नासला माझ्या खुर्चीतल्या बाईला हाक आली, "या हं, वेळ झाली तुमची." तिने पाणी माझ्यानंतर अर्ध्या तासाने घेतलं होतं. तिचे दोन तास मिनिटावर भरले होते. म्हणजे त्या क्लिनिकमध्ये घड्याळ चालत होतं.

मला अकरा पाचला आत घेतलं. माझ्या नळीवर लेबल आधीच चिकटवलेलं होतं. नाव, आणि वेळ दहा वीस.

"आत्ता अकरा पाच झालेत," मी म्हणाले.

"लेबलं आम्ही आधीच करून ठेवतो, ताई," सिस्टर म्हणाली. "पाणी प्यायलं की दोन तास पुढची वेळ टाकायची. गर्दीत कोण लिहीत बसणार?"

ती खोटं बोलत नव्हती. तिथली पद्धत सांगत होती.

मग डॉक्टर. मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. आईला मधुमेह आहे. आणि तिचं माझ्या पाठचं मूल जन्मताच गेलं, साडेचार किलोचं होतं. त्यांनी यातलं काही लिहून घेतलं नाही. हसून म्हणाले, "तुम्ही लोक काटक. तुम्हाला काही होत नाही."

शाबासकी दिल्यासारखे म्हणाले. मी "थँक्यू" म्हणाले. हे लिहिताना हात थांबतो, पण म्हणाले.

त्या संध्याकाळी लोणीला आईकडे गेले. आईने त्या बाळंतपणाबद्दल कधी फार सांगितलं नव्हतं. तपासणीचं ऐकून सांगायला लागली.

"बाया म्हनल्या, पोट केवढं, पोर गुटगुटीत हाय. निघता निघंना. खांदा अडकला. निळं पडलं हुतं. रडलंच न्हाई."

"तपासलं होतं का तुला आधी?"

"गेले हुते की दवाखान्यात. लई तहान लागायची म्हनून. डाक्टर म्हनला, कष्टाचं शरीर हाय तुझं, तुला काय हुतंय."

मी जेवले नाही. त्या बाळंतपणाला छत्तीस वर्षं झाली होती, पण मधे एक दिवससुद्धा गेला नव्हता. तेच वाक्य सकाळी मला मिळालं होतं, आणि मी त्याचे आभार मानले होते.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घ्यायला गेले. दोन तासांनंतरची साखर एकशे छत्तीस. मर्यादा एकशे चाळीस. शेरा, नॉर्मल. रक्त घेतल्याची वेळ, दहा वीस.

"ही वेळ चूक आहे. अकरा पाच लिहा."

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, नॉर्मल आलंय. लोक नॉर्मल यावं म्हणून देव पाण्यात घालून बसतात."

"आमच्याकडे पाण्यात घालायला देव नाहीत. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच नदीत सोडले. घड्याळ आहे."

खोलीत कुणी हसलं नाही.

"म्हणजे तुम्हाला आजार हवाय का?"

"मला खरी वेळ हवी."

"छापलेला रिपोर्ट बदलत नसतात," असं म्हणून त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली.

त्यानंतरच्या सकाळी मी महापालिकेच्या दवाखान्यात तपासणी केली. लाकडी बाक, तीसेक बायका, एक सिस्टर. तिच्या हातात वही, डोळा भिंतीवरच्या घड्याळावर. दोन तासांनी तिने माझं नाव घेतलं. एक मिनिट पुढेमागे नाही. साखर एकशे एकाहत्तर.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आईबद्दल विचारलं, गेलेल्या भावंडाचं वजन विचारलं, दोन्ही लिहून घेतलं. म्हणाल्या, "आणखी महिनाभर कळलं नसतं तर अवघड होतं. आताही सोपं नाही." पथ्याचा कागद दिला. साखर आटोक्यात आली नाही तर इन्सुलिन. चौदा आठवडे उरले होते.

दोन्ही रिपोर्ट घेऊन मी पुन्हा नारायण पेठेत गेले. जिन्याच्या त्याच पायरीवर एक मुलगी बसली होती. पोट माझ्याएवढं. हातात स्वतःची बाटली.

"इथे का बसलीस?"

"त्या बाई म्हणाल्या, जिन्यात वारा येतो. मी स्वयंपाक करते त्या मॅडमनी पाठवलंय इथं."

"पाणी किती वाजता प्यायलीस?"

"नऊ दहा."

मी तिला उठवलं आणि आत नेलं. पाचातल्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. रिकाम्या असताना ती जिन्यात होती. आम्ही दोघी बसलो.

काकूंनी मान वर केली. "तुमचं काय आता? आणि तू आत कशी आलीस? उठा दोघी. पेशंट येतायत."

मुलगी उठायला लागली. मी तिच्या मनगटावर हात ठेवला. ती बसली.

"हिने नऊ दहाला पाणी घेतलंय," मी म्हणाले. "अकरा दहाला हिचं रक्त घ्यायचं. लेबल त्यानंतर लिहायचं, आमच्यासमोर. मग डॉक्टर माझ्या रिपोर्टवर खरी वेळ लिहून सही करतील. तोवर मी उठणार नाही. उद्याही येईन. परवाही."

"आवाज खाली ठेवा."

आवाज मी चढवलेलाच नव्हता.

पर्समधून पेन काढलं. कागदाच्या कोपऱ्यात वेळ लिहिली. दहा सदतीस.