उजव्या तळहातावरचे मोदक

लकव्याने आईची उजवी बाजू गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि सगळ्या जगावर चिडलेली होते. घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत जो येई तो दारातच उसासा टाकी, "देवाची इच्छा" म्हणे आणि चहा पिऊन जाई. चहा अर्थातच मी करायचा. पुढे आईचा पाय हळूहळू परत आला, ती भिंत धरून चालू लागली. जड झालेली जीभही सुटली, आणि तिची धार पूर्वीचीच होती. हात मात्र आला नाही. बोटं आत वळली ती वळलीच, आणि तो हात आता कामातून गेला यावर डॉक्टरांपासून चाळीतल्या बायकांपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं.

घर सांभाळायला वडिलांची थोरली बहीण पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने कोकणातून आली. आत्या कामाला वाघ. आल्या दिवशीच तिने चूल ताब्यात घेतली. आईने डाव्या हाताने जेवलेलं तिला बघवेना, म्हणून ती तिला स्वतः भरवायला बसायची. आई मुकाट्याने घास गिळायची.

एकदा जेवणं आटोपल्यावर आत्या वडिलांना म्हणाली, "गणपती झाले की बोटी सुरू होतले. मी हिका गावाक घेवन जातंय. तू कामाक जातलस, पोरगी शाळेत जातली. हिका कोण बघतला?"

वडिलांनी मान हलवली. बिचाऱ्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

"मी काय ट्रंक आहे, बोटीत टाकायला?" आई म्हणाली. आत्याने खरकटी ताटं उचलली. मला मात्र रडू फुटलं. आई गावी आणि मी इथे, हे काही माझ्या डोक्यात बसेना.

दुसऱ्या दिवसापासून आत्या बाजारात गेली रे गेली की आई पदर खोचून जमिनीवर बसायची. विळी पायाखाली धरायची असते, त्यामुळे भाजी चिरणं लवकर जमलं. परात मात्र एका हाताला दाद देईना. पीठ मळायला घेतलं की ती खोलीभर फिरायची. मग आईने ओल्या फडक्याची चुंबळ करून परात तिच्यात रोवली. भाकऱ्या फाटायच्या, तव्यावर टाकताना दुमडायच्या, आणि पुरावा नको म्हणून त्या मी खायची. "अगं, सोड ना आता," मी एकदा वैतागून म्हटलं. ती म्हणाली, "उजवा तरी कुठे पोटातून शिकून आला होता? त्यालाही माझ्या आईने धपाटे घालूनच शिकवलं."

आत्याला कळायचं ते कळलंच. परातीभोवतीची चुंबळ तिने पाहिली आणि दुसऱ्या दिवशी भाकऱ्यांचं पीठ आईपुढे सरकवलं. पण देवाचं काही नाही. "डाव्या हाताचा नैवेद्य देवाक चालणा नाय," तिने बजावलं.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असायचा. चतुर्थीच्या सकाळी आत्याने उकड काढून झाकून ठेवली आणि ती पूजेची तयारी बघायला बाहेरच्या खोलीत गेली. आई लगेच उकडीपाशी बसली. निर्जीव उजवा हात तिने डाव्याने उचलून मांडीत ठेवला. आत वळलेल्या बोटांची आयती वाटी झाली होती. त्या वाटीत तिने उकडीचा गोळा ठेवला, डाव्या अंगठ्याने पारी केली, सारण भरलं आणि एकेक कळी चिमटीत धरून वर आणली. गेले काही दिवस ती हे कणकेच्या गोळ्यांवर गिरवत होती. मोदक जरा वाकडा झाला, पण मोदकच झाला.

आत्या आत आली तेव्हा ताटात बरेच झाले होते. ती दारातच थबकली. "गो, ह्या काय? डाव्या हातान?"

"गणपती डाव्या सोंडेचा चालतो, मग हात का नाही चालत?" मी तडकले.

"सोंड ती सोंड, हात तो हात. तू गप रव."

"वन्सं," आई शांतपणे म्हणाली, "बघा तरी. उजव्याच हातावर केलेत."

आत्या खाली बसली. आईचा उजवा हात उचलून तिने वळलेली बोटं उलगडली आणि तिचा चेहराच उतरला. तळवा लालबुंद झाला होता, दोन ठिकाणी फोडही आले होते. कणीक गार असते. उकड हाताला चटका देणारी असते. डाव्या बोटांना तो ओझरताच लागत होता, पण गोळा उजव्या तळव्यावर टेकून राहतो हे आयुष्यभर मोदक वळलेली आई विसरली होती, आणि त्या हाताने तिला ते सांगितलं नव्हतं.

"दुखत नाही, वन्सं," आई म्हणाली. "खरंच काही कळत नाही तिथे."

"तुका दुखणा नाय," आत्या ओरडली, "पण माका दुखता ना!" आणि ती त्या तळव्यावर फुंकर घालत हमसून रडायला लागली. मी तिचा इतका राग केला होता, पण त्या वेळी मलाही हुंदका आवरेना.

तळव्याला खोबरेल लावून झाल्यावर तिने ते वाकडे मोदक मोदकपात्रात ठेवले. नैवेद्याच्या ताटात तेच गेले.

बोटी सुरू झाल्या तेव्हा आत्याने एकटीचंच गाठोडं बांधलं. निघताना आईने वाकून नमस्कार केला. आत्याने तिचा उजवा हात धरला आणि उलटसुलट करून पाहिला.

"फुडल्या वर्षाक उकड जरा निवांदे," ती म्हणाली, "मगे हातार घे."